क्लब कोणाचा ? – एडिनबरोच्या फुटबॉल-पाठीराख्यांची हकीकत



स्कॉटलंडची राजधानी जें एडिनबरो शहर, त्याच्या पश्चिमेस गॉर्गी नांवाची एक जुनी कामकरी वस्ती आहे. चार-चार मजल्यांच्या दगडी चाळी, धान्यापासून मद्य गाळणाऱ्या कारखान्याचा हवेंत भरून राहिलेला आंबूस वास, आणि या सगळ्या दाटीवाटींत, चौसोपी वाड्याच्या चौकांत तुळशीवृंदावन असावें तसें, फुटबॉलचें एक मैदान. या मैदानाला टाइनकॅसल म्हणतात. १८७४ सालीं निघालेला 'हार्ट ऑफ मिडलोथियन' नांवाचा क्लब १८८६ सालापासून तेथें खेळत आला आहे. एवढें लांबलचक नांव घेण्यास कोणास सवड असणार ? सारें शहर त्याला नुसतें 'हार्टस्' म्हणतें.

हार्ट म्हणजे हृदय. तेव्हां नांव मोठें काव्यमय वाटतें. पण मुळांत तें एका तुरुंगाचें टोपणनांव होतें. भर वस्तींतला जुना टोलबूथ तुरुंग १८१७ सालीं पाडला गेला, आणि पुढच्याच वर्षीं सर वॉल्टर स्कॉट यांनीं त्या नांवाची कादंबरी लिहून तें नांव अजरामर करून ठेविलें. कादंबरीनंतर तें एका नृत्यशाळेला मिळालें, आणि नृत्यशाळेवरून या क्लबाकडे आलें, असें सांगतात. तुरुंगाच्या जागीं रस्त्याच्या फरसबंदींत रंगीत दगडांची हृदयाकृति बसविलेली आहे, आणि जातां येतां तिच्यावर थुंकावयाचें अशी तेथील जुनी चाल आहे ! एरवीं शिष्टाचारास इतके जपणारे लोक, पण या एका जागेपुरती त्यांनीं स्वतःला सूट दिलेली दिसते.

फुटबॉल आपणांस परका नाहीं. तो आपल्याकडे रुजविला पलटणींनीं, आणि त्यांत स्कॉटलंडच्या पलटणींचा वांटा मोठा. १८८८ सालीं सिमल्यास ड्यूरँड कपाचा पहिला अंतिम सामना झाला, तेव्हां रॉयल स्कॉटस् फ्यूझिलियर्स या पलटणीनें हायलंड लाइट इन्फंट्रीस हरविलें. दोन्ही पलटणी स्कॉटलंडच्याच. पुढें १८९१ पासून मुंबईस रोव्हर्स कपाचे सामने सुरू झाले. म्हणून खेळाचे नियम मी सांगत बसत नाहीं. मला आज खेळाडूंविषयींही फारसें बोलावयाचें नाहीं. बोलावयाचें आहे तें, मैदानाभोंवतीं बसून जे ओरडतात आणि मग आठवडाभर त्याच सामन्याची चर्चा करीत राहतात, त्या पाठीराख्यांविषयीं.

सामना दीड तासाचा. चर्चा सहा दिवसांची. पूर्वीं शनिवारीं सामना आटोपला कीं संध्याकाळीं गुलाबी कागदावर छापलेलें क्रीडापत्र निघे, आणि तें हातांत घेऊन गुत्त्यांत, ट्राममध्यें, घरच्या शेगडीपाशीं वादाला तोंड फुटे. साधनें बदललीं, वाद तोच राहिला. गृहिणींना हा सारा कालापव्यय वाटत असेल, व शंभरांतील नव्वद वेळां त्यांचें म्हणणें बरोबरही असेल. परंतु राहिलेल्या दहा वेळांचें काय, हें पाहण्यासारखें आहे.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त कांहीं वर्षें त्या शहरांत होता. त्यानें एका हंगामाचें तिकीट काढलें. शेजारच्या खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ येत. पहिल्याच दिवशीं यानें विचारलें, "आज आपण जिंकूं ना ?" गृहस्थ म्हणाले, "तुम्ही नवीन आहां, म्हणून विचारतां. १९८६ सालीं काय झालें तें कोणी सांगितलें नाहीं वाटतें ?" आणि मध्यंतरापर्यंत त्यांनीं १९८६ सालची हकीकत सांगितली, व मध्यंतरानंतर १९६५ ची. समोर चाललेल्या सामन्यांत हार्टस्‌नीं दोन गोल केले, ते टाळ्या वाजविण्यापुरते त्यांनीं पाहिले.

या दोन सालांची गोष्ट गणिताची आहे, आणि अपूर्णांक शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्यास ती टाळवत नाहीं. तेव्हांच्या लीग स्पर्धेंत विजयाला दोन गुण व बरोबरीला एक गुण मिळे. १९६५ च्या एप्रिलांत शेवटचा सामना टाइनकॅसलवरच होता, प्रतिपक्ष किल्मार्नोक. हार्टस् दोन गुणांनीं पुढें होते. ते एका गोलानें हरले असते तरी अजिंक्यपद त्यांचेंच होतें. पण ते हरले दोन गोलांनीं. दोघांचे गुण झाले सारखे, पन्नास-पन्नास. अशा वेळीं केलेल्या गोलांना झालेल्या गोलांनीं भागावें असा त्या काळचा नियम होता. हार्टस्‌नीं केलेले गोल ९०, त्यांच्यावर झालेले ४९, भागाकार १·८४. किल्मार्नोकचे ६२ आणि ३३, भागाकार १·८८. शतांश चारांनीं अजिंक्यपद गेलें ! भागाकाराऐवजीं वजाबाकी केली असती, तर हार्टस्‌चे एकेचाळीस उरत व किल्मार्नोकचे एकोणतीस.

पुढें नियम बदलला. भागाकार गेला, वजाबाकी आली. मग उजाडलें १९८६. हार्टस् सलग सत्तावीस लीग-सामन्यांत हरले नव्हते. ३ मे रोजीं डंडी शहरांत शेवटचा सामना. नुसती बरोबरी पुरे होती. त्र्यायशीं मिनिटें गोलशून्य गेलीं. सात मिनिटें उरलीं असतां अल्बर्ट किड नांवाच्या डंडीच्या बदली खेळाडूनें एक गोल केला, आणि चार मिनिटांनीं दुसरा. त्याच वेळीं तिकडे सेल्टिक क्लबानें सेंट मिरेनवर पांच गोल चढविले होते. पुन्हां दोघांचे गुण सारखे. नुसते गुणच नव्हेत, तर छत्तीस सामन्यांत दोघांचे विजय वीस, बरोबऱ्या दहा, पराभव सहा, असें सगळेंच सारखें. आतां वजाबाकी करा. सेल्टिकचे ६७ वजा ३८, म्हणजे २९. हार्टस्‌चे ५९ वजा ३३, म्हणजे २६. गेलें अजिंक्यपद. आणि जुन्या नियमाप्रमाणें भागाकार केला असता तर ? हार्टस् १·७९, सेल्टिक १·७६ ! भागाकाराच्या काळीं त्यांस वजाबाकी हवी होती, वजाबाकीच्या काळीं भागाकार. पुढच्याच शनिवारीं कपाचा अंतिम सामनाही ते ॲबर्डीनकडून तीन गोलांनीं हरले. हें ज्याच्या डोळ्यांदेखत घडलें, तो माणूस दोन गोलांच्या आघाडीनें हुरळून जाईल कसा ?

याचा अर्थ हा क्लब केवळ पराभूतांचा, असा मात्र नव्हे. १९५७-५८ च्या हंगामांत त्यांनीं चौतीस सामन्यांत १३२ गोल करून लीग जिंकली होती. स्कॉटिश कप १८९१ ते २०१२ या काळांत त्यांनीं आठ वेळां मिळविला. परंतु पाठीराख्यांच्या बोलण्यांत विजयापेक्षां हुकलेले विजय अधिक येतात. ज्या घरांत बापाचें दुःख मुलाला सांगितलेलें असतें, तें घर लवकर मोडत नाहीं. क्लबांचेंही तसेंच असावें असें मला वाटतें.

आणि सर्वच दुःखें गोलांचीं नाहींत. १९१४ सालीं महायुद्ध पेटल्यानंतरच्या महिन्यांत हार्टस् लीगमध्यें सर्वांच्या पुढें होते. हंगामांतले पहिले आठही सामने त्यांनीं जिंकले होते. धडधाकट तरुण चेंडू लाथाडीत बसतात आणि इतर लोक फ्रान्सच्या चिखलांत मरतात, अशी वृत्तपत्रांतून टीका होऊं लागली. या क्लबानें आपलें नांव बदलून त्यांत भ्याडपणाचें चिन्ह जें पांढरें पीस तें घालावें, असेंही कोणी एकानें लिहिलें. २५ नोव्हेंबर रोजीं अकरा खेळाडूंनीं सर जॉर्ज मॅक्रे यांच्या नव्या पलटणींत नांवें नोंदविलीं. त्यांच्या मागोमाग क्लबाचे शेंकडों पाठीराखे गेले. ज्यांना ते शनिवारीं शाबासकी देत किंवा शिव्या देत, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून ते कवाईत करूं लागले. दिवसा कवाईत व शनिवारीं सामना असें करीत हार्टस् त्या हंगामांत दुसरे आले. सेल्टिक चार गुणांनीं पुढें गेला. १ जुलै १९१६ रोजीं सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशीं क्लबाचे तीन खेळाडू पडले. एकंदर सात गेले. गॉर्गीकडे जाणाऱ्या वाटेवर हेमार्केट नांवाच्या नाक्यावर १९२२ सालीं त्यांचें घड्याळ असलेलें स्मारक उभारलें. दरवर्षीं नोव्हेंबरांत लोक तेथें गोळा होऊन फुलें वाहतात. कोणी म्हणेल, फुटबॉलच्या क्लबाला इतकी माया कशासाठीं ? त्याला हें एक उत्तर आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. हे लोक पिढ्यान् पिढ्या 'आमचा क्लब' म्हणतात. पण कायदा काय म्हणतो? कायद्याप्रमाणें हा क्लब म्हणजे एक कंपनी. ज्याच्यापाशीं अधिक शेअर, तो मालक. पाठीराख्यानें तिकीट काढावें, ओरडावें आणि घरीं जावें; याउपर त्याचा हक्क नाहीं. हा भेद सुखाच्या दिवसांत कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

१९९० सालीं तो प्रथम ठळकपणें दिसला, आणि तोही उलट्या बाजूनें. हार्टस्‌चे तेव्हांचे अध्यक्ष वॉलेस मर्सर यांनीं गांवांतला प्रतिस्पर्धी क्लब हिबर्नियन, म्हणजे 'हिब्ज', विकत घेण्याचा घाट घातला. ग्लासगोच्या दोन धनाढ्य क्लबांशीं टक्कर द्यावयाची तर एडिनबरोंत एकच मोठा क्लब हवा, हा त्यांचा हिशेब. कागदावर हिशेब चुकलेला नव्हता. परंतु हिब्जचे पाठीराखे सभा भरवून, मोर्चे काढून असे उठले, कीं तो बेत बारगळला. हिब्ज नाहींसा झाला तर हार्टस्‌वाल्यांनीं चिडवावयाचें कोणाला ? भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकीं एकाचें घर पाडून दुसरें घर मोठें होतें खरें, पण मग भांडण उरत नाहीं आणि शेजारही उरत नाहीं.

२००४ सालीं पाळी हार्टस्‌वर आली. कर्ज वाढलें, आणि टाइनकॅसल घरें बांधणाऱ्यांस विकून क्लबानें रग्बीच्या मुरेफील्ड मैदानावर खेळावें असें चालकांनीं ठरविलें. पाठीराख्यांनीं आकाश-पाताळ एक केलें. अशा वेळीं लिथुआनियाचे एक पेढीवाले, व्लादिमीर रोमानोव्ह, धांवून आले. २००५ सालीं क्लब त्यांच्या हातीं गेला व मैदान वांचलें. पुष्कळांना ते देवदूतच वाटले. त्या हंगामाच्या आरंभीं हार्टस्‌नीं पुन्हां पहिले आठ सामने जिंकले, जसे १९१४ सालीं जिंकले होते. आणि संघ सर्वांच्या वर व अपराजित असतां ऑक्टोबरांत व्यवस्थापक जॉर्ज बर्ली यांस जावें लागलें ! मालकाची मर्जी. तरीही संघ दुसरा आला, आणि २००६ च्या मे महिन्यांत त्यानें ग्रेटना क्लबाविरुद्ध पेनल्टी-किकांवर कप जिंकला.

या ग्रेटनाची कथा दोन वाक्यांत सांगण्यासारखी आहे. इंग्लंडच्या सरहद्दीवरचें तें एक लहानसें गांव. एका दिलदार धनिकाच्या पैशावर तो क्लब २००२ सालीं लीगमध्यें शिरला आणि पांच वर्षांत सर्वांत वरच्या वर्गांत पोहोंचला. २००८ सालीं तो धनिक आजारी पडला, पैसा थांबला, आणि त्याच वर्षीं क्लब संपला. हार्टस्‌च्या पाठीराख्यांनीं हें दुरून पाहिलें, हळहळ व्यक्त केली, आणि आपला धनिक ठणठणीत आहे असें मनाचें समाधान करून घेतलें.

२०१२ च्या १९ मे रोजीं कपाच्या अंतिम सामन्यांत हार्टस्‌नीं हिब्जला पांच विरुद्ध एक गोलांनीं हरविलें. असा दिवस त्या शहरानें पूर्वीं पाहिला नव्हता. आणि त्याच नोव्हेंबरांत सरकारी कराची रक्कम भरण्यास क्लबापाशीं पैसे नव्हते. पाठीराख्यांनीं नवे शेअर घेऊन सुमारें दहा लक्ष पौंड उभे केले. ते ठिगळ कांहीं महिने टिकलें. २०१३ सालीं रोमानोव्ह यांची लिथुआनियांतील बँक बुडाली. सुमारें अडीच कोटि पौंडांचें कर्ज डोक्यावर, आणि जूनमध्यें क्लब प्रशासकांच्या हातीं गेला. प्रशासक म्हणजे दिवाळ्याच्या उंबरठ्यावर असलेल्या कंपनीचा कारभार कायद्यानें ज्या तिऱ्हाइताकडे सोंपवितात तो. गिऱ्हाईक मिळालें तर तो कंपनी विकतो. न मिळालें तर खुर्च्या-टेबलें विकून धनकोंस वाटतो.

धोका खोटा नव्हता. ग्लासगोंत थर्ड लॅनार्क नांवाचा एक क्लब होता. १८७२ चा, म्हणजे हार्टस्‌हूनही जुना. त्यानें १९०४ सालीं लीग जिंकली, दोनदां कप जिंकला, १९६१ सालीं शंभर गोल करून तो लीगमध्यें तिसरा आला. आणि १९६७ सालीं त्याचें दिवाळें वाजून तो कायमचा मिटला. त्याच्या कॅथकिन मैदानाच्या पायऱ्या आजही तेथें आहेत. त्यांच्यांतून झाडें वाढलीं आहेत. त्या क्लबाचे पाठीराखे कमी बोलके होते काय ? मुळींच नाहीं. पण त्यांच्या बोलण्याला पैशाचें रूप देणारी कांहीं योजना त्यांच्यापाशीं नव्हती.

हार्टस्‌च्या पाठीराख्यांपाशीं ती होती. 'फाउंडेशन ऑफ हार्टस्' नांवाची संस्था त्यांनीं २०१० सालींच काढून ठेविली होती. योजना अगदीं साधी. प्रत्येक सभासदानें आपल्या बँकेला एकदां लिहून द्यावयाचें, कीं दरमहा माझ्या खात्यांतून दहा पौंड, किंवा ऐपतीप्रमाणें अधिक, या संस्थेस द्यावेत. कोणी हजारों पौंडांची देणगी द्यावयाची नाहीं. देणगी एकदां येते, आणि क्लबाला पगार दरमहा द्यावे लागतात, हें मर्म ज्यानें ओळखलें त्याला व्यवहार कळत होता. पाहतां पाहतां सुमारें आठ हजार सभासद झाले. परंतु क्लब विकत घेण्यास एकरकमी पैसा हवा, तो कोठून आणावयाचा ? तो दिला ॲन बज् या बाईंनीं. यंत्रगणकांच्या व्यवसायांत यशस्वी झालेल्या त्याच शहरच्या या उद्योजिका. त्यांनीं पंचवीस लक्ष पौंड घातले, २०१४ सालीं कारभार हातीं घेतला, आणि करार असा केला, कीं पाठीराख्यांनीं पैसे परत फेडले म्हणजे शेअर त्यांच्या स्वाधीन करावयाचे. मालकी सोडून देण्यासाठींच मालकी घेणें, ही गोष्ट या धंद्यांत विरळाच म्हणावी लागेल.

मध्यंतरीं खेळाची दशा काय होती ? दिवाळ्याची शिक्षा म्हणून २०१३-१४ च्या हंगामांत हार्टस्‌चे पंधरा गुण आधींच कापले गेले, नवे खेळाडू घेण्यास बंदी झाली, आणि पोरसवद्या संघ खालच्या वर्गांत गेला. नेमक्या याच वर्षीं वर्गणी देणारे गळाले नाहींत. हरणाऱ्या संघासाठीं दरमहा पैसे देणारा माणूस करमणूक विकत घेत नसतो. काय घेत असतो तें त्याचें त्यालाच माहीत. पुढच्या हंगामांत हार्टस् खालच्या वर्गांत पहिले आले, एक्याण्णव गुण मिळवून. दुसऱ्या क्रमांकावरील संघाहून एकवीस अधिक, आणि तो दुसरा संघ हिब्ज! तिसरा ग्लासगोचा रेंजर्स. २०२० सालीं महामारीमुळें लीग आठ सामने शिल्लक असतां बंद झाली. त्या क्षणीं हार्टस् तळाशीं होते, म्हणून पुन्हां खालीं ढकलले गेले. तंटा लवादापर्यंत गेला, उपयोग झाला नाहीं. वर्षभरांत ते वर आले. आणि ३० ऑगस्ट २०२१ रोजीं, शेंकडा ७५·१ शेअर पाठीराख्यांच्या संस्थेच्या नांवें झाले. तोंवर वर्गणीचा आंकडा एक कोटि पौंडांच्या पुढें गेला होता.

तेव्हांपासून त्यांच्या चर्चेचें व्याकरण बदललें आहे, असें माझा विद्यार्थी सांगे. पूर्वीं वाक्याचा कर्ता तृतीयपुरुषी असे : 'त्यांनीं' वाईट खेळाडू आणला, 'त्यांनीं' तिकीट महाग केलें. आतां तृतीयपुरुष धरतां येत नाहीं. संस्थेचे प्रतिनिधि आपणच निवडलेले, पैसा आपलाच. मैदान विकावयाचें किंवा क्लबाचें नांव, रंग बदलावयाचे तर सभासदांची संमति हवी. शिवी द्यावयाची कोणाला, ही मोठी अडचण झाली आहे. अर्थात् स्कॉटलंडचा माणूस अशा अडचणीनें गप्प बसत नाहीं. तो व्यवस्थापकाला शिव्या देतो.

मात्र एक प्रश्न वर्गणीनें सुटलेला नव्हता. आठ हजार माणसांचे दहा-दहा पौंड क्लबाला जिवंत ठेवूं शकतात, पण ग्लासगोच्या दोघांना गांठूं शकत नाहींत. १९८६ ते २०२५ या चाळीस हंगामांत लीगचें अजिंक्यपद सेल्टिक आणि रेंजर्स यांच्याबाहेर एकदांही गेलें नाहीं, यावरून त्या दरीची कल्पना यावी. म्हणून २०२५ सालीं इंग्लंडच्या ब्रायटन क्लबाचे मालक टोनी ब्लूम हे सुमारें अठ्ठ्याण्णव लक्ष पौंड घेऊन आले, तेव्हां हा विषय सभासदांच्या मतास टाकण्यांत आला. बदल्यांत शेंकडा २९ शेअर द्यावयाचे; पण ते मताधिकार नसलेले. मागें एका धनिकानें पोळलेले हे लोक दारच उघडणार नाहींत, असें कोणास वाटलें असतें. त्यांनीं फार मोठ्या बहुमतानें होकार दिला. पैसा यावा, पण किल्ल्या घरांतच राहाव्यात, हा त्यांतला अर्थ. २९ हा आंकडा बरोबर कीं जास्त, आणि मताधिकार नसलेला पाहुणा पुढें मताधिकार मागूं लागला तर काय करावयाचें, यावर गॉर्गीच्या गुत्त्यांतून त्या वर्षीं बरीच भवति न भवति झाली. आणि मत देणारांनीं दुसऱ्या दिवशीं आपली महिन्याची वर्गणीही भरली.